फासकी म्हणजे काय: रत्नागिरीतले चार दिवस

रत्नागिरीला लोक आंब्यासाठी जातात, समुद्रासाठी जातात, नाहीतर कुणाच्या तरी लग्नाला जातात. मी फॅसिझमसाठी गेले. परत आल्यावर शेजारच्या वहिनींनी "काय आणलंत?" असं विचारलं तेव्हा मी कोकम आणि फणसपोळी दाखवली. बाकीचं दाखवण्यासारखं नव्हतं.

मी कोल्हापूरची. चौतीस वर्षं राज्यशास्त्र शिकवलं आणि निवृत्त झाले. निवृत्त माणसाला गॅसचा नंबर लावलास का, याखेरीज कोणी काही विचारत नाही. त्यामुळे जानेवारीच्या शेवटी रत्नागिरीतल्या एका कॉलेजच्या प्राचार्यांचा फोन आला तेव्हा मी जरा जास्तच पटकन हो म्हटलं. त्यांच्याकडे एका प्राध्यापिकेविरुद्ध पालकाची तक्रार आली होती. तिने वर्गात धार्मिक माणसांना फॅसिस्ट म्हटलं आणि भावना दुखावल्या, असं तक्रारीत होतं. चौकशी समितीला बाहेरचा तज्ज्ञ हवा होता. तज्ज्ञाने एकाच प्रश्नाचं लेखी उत्तर द्यायचं होतं: धार्मिक कट्टरता आणि फॅसिझम यांचा संबंध जोडणं अचूक आहे की तो प्रचार आहे?

"एका पानात बसवा, मॅडम," प्राचार्य म्हणाले. "संस्थेच्या लोकांना जास्त वाचायची सवय नाही."

मी प्राध्यापिकेचं नाव विचारलं. सुजाता, मूळची केळशीची. म्हणजे माझीच विद्यार्थिनी. एम.ए.ला कोल्हापुरात होती, पहिल्या बाकावर बसायची आणि तास संपल्यावर शंका विचारायची, त्यामुळे माझा डबा नेहमी गार व्हायचा. हे मी प्राचार्यांना लगेच सांगितलं. मी तिची शिक्षिका, मी कशी तटस्थ राहणार? ते म्हणाले, "मॅडम, राज्यशास्त्राची माणसं आहेतच किती? कुणीतरी कुणाला तरी शिकवलेलं असणारच." माझी तटस्थता एवढ्यावर सिद्ध झाली.

आंबा घाट उतरून

घाटाबद्दल सगळ्यांनी लिहिलेलं आहे, मी लिहीत नाही. एसटीत माझ्या पुढच्या बाईला घाटभर उलट्या झाल्या आणि साखरप्याला उतरून तिने वडापाव खाल्ला. मला तिचं कौतुक वाटलं.

पाली मागे पडली की माती लाल होते आणि माणसं हळू बोलायला लागतात. बोलणं सुरात असतं, वाक्याचं शेपूट वर जातं, त्यामुळे आपल्याला सारखं वाटतं की काहीतरी विचारलं जातंय. आमच्याकडे कोल्हापुरात माणूस प्रश्नसुद्धा दम दिल्यासारखा विचारतो. इथे दमसुद्धा प्रश्नासारखा येतो. रिक्षावाला मला म्हणाला, "एवढी मोठी बॅग, एकट्याच?" मला वाटलं विचारपूस करतोय. नंतर कळलं, तो जादा पैसे मागत होता.

सुजाता लॉजवर भेटायला आली. आठ-नऊ वर्षांनी भेटत होतो. केस पिकायला लागले होते, पण शंका विचारायचा चेहरा तोच. ती त्या कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवते. ज्यांना हे माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते: नेमणूक वर्षापुरती, तेवढे तास घ्यायचे, दर जूनला पुन्हा अर्ज करायचा. तिने असे नऊ जून काढले होते. नवरा जयगडच्या बंदरात कामाला, आठवड्याला पाळी बदलणारा. तिला नोकरी कायम होण्याची आशा होती आणि आता एकदा कागदावर नाव आलं की जिल्ह्यातलं दुसरं कॉलेजही तास देणार नाही, हे तिला पक्कं माहीत होतं. मलाही.

"मॅडम, तुम्ही आलात, बरं झालं," ती म्हणाली. तेवढंच. मला ते वाक्य जड गेलं. मी तिला म्हटलं, "मी तुझ्या बाजूने आलेले नाही, समितीने बोलावलंय." ती म्हणाली, "हो, हो." आणि माझ्यासाठी आणलेल्या डब्यातली आंबोळी ताटलीत वाढली.

मिरकरवाडा

दुसऱ्या दिवशी समितीची बैठक अकराला होती. सुजाता सकाळीच मला मिरकरवाड्याला घेऊन गेली. कोल्हापूरच्या माणसाला बंदर दाखवायचंच असतं, जसं आम्ही पाहुण्याला तालीम दाखवतो. ट्रॉलर लागले होते, टोपल्यांमधून मासळी उतरत होती, लिलाव चालू होता. लिलावात कोण काय बोलतंय ते मला एक अक्षर कळलं नाही आणि तरी सगळे व्यवहार होत होते. मला विद्यापीठाच्या बैठका आठवल्या. तिथे सगळं कळायचं.

बर्फ फोडायच्या मशीनशेजारी उभं राहून मी सुजाताला विचारलं की वर्गात नक्की काय झालं. जागा चुकली. मशीन सुरू होतं, त्यामुळे तिला उत्तर ओरडून द्यावं लागलं.

"मुलांनी विचारलं, धर्माने कडवी झालेली माणसं फॅसिस्ट असतात का!"

"मग तू काय सांगितलंस?"

"सगळी फॅसिस्ट नसतात!"

जाळं खांद्यावर टाकून चाललेला एक खलाशी थांबला, आमच्याकडे बघितलं, हे आपल्याला नाही असं ठरवून पुढे गेला.

आम्ही बंदराजवळच्या खानावळीत जाऊन बसलो. तिने पर्समधून टिपणवही काढली. तिची टिपणं मी ओळखत होते, माझ्याचसारखी, डाव्या बाजूला समास सोडून. त्यात लिहिलं होतं: सगळे कट्टर धार्मिक फॅसिस्ट नसतात आणि सगळे फॅसिस्ट धार्मिक नसतात. फॅसिझमला राज्ययंत्र लागतं, एक नेता लागतो, गणवेश लागतो. कट्टर माणूस पुष्कळदा राज्याला मानतच नाही, तो देवाला मानतो. पण जिथे देवाच्या नावाने एका गटाला माणसातून वजा केलं जातं आणि हातात सत्ता येते, तिथे दोन्ही वाटा एक होतात. हे कुठल्याही धर्मात होऊ शकतं. खाली तीन वेगवेगळ्या धर्मांची तीन उदाहरणं.

मी वही मिटली. मला त्यात एकही चूक सापडली नाही. मी शोधली होती.

"ह्यात भावना कुठे दुखावल्या?"

"मलाही कळलं नाही, मॅडम. वर्गात तर हसले होते."

"कशाला हसले?"

"शब्द लक्षात राहावा म्हणून मी सांगितलं की फॅसिझम म्हटलं की फासकी आठवा."

फासकी म्हणजे तारेचा फास. मोटरसायकलच्या क्लचची वायर घेऊन तिचा गोल करतात आणि रानडुकराच्या वाटेवर बांधतात. डुक्कर मान घालतं, पुढे ओढतं, फास आवळत जातो. सुजाताने वर्गात सांगितलं होतं की फासकी लावणारा म्हणतो, ही डुकरासाठी आहे. पण फासकीला डुक्कर कळत नाही. येईल तो अडकतो. फॅसिझमचंही तसंच, आधी एका गटासाठी लावतात. उदाहरण चांगलं होतं. मला चौतीस वर्षांत असं एकही सुचलं नव्हतं, आणि सुचलं असतं तरी मी ते वर्गात सांगितलं नसतं, कारण ते पुस्तकात नव्हतं.

तेवढ्यात खानावळीचा मालक आला. मी कालवण-भात सांगितला. आमच्याकडे कालवण म्हणजे रस्सा, कशाचाही. त्याने आणली कालवं. कालवं म्हणजे खडकाला चिकटलेले शिंपले, ते फोडून आतला गर काढतात. ताटलीत करड्या रंगाचं काहीतरी थरथरत होतं. मी म्हटलं, हे मी मागितलं नाही. तो म्हणाला, "तुमीच बोल्लात कालवं." व्याख्या नीट करा, असं मी आयुष्यभर पोरांना सांगत आले. कालवं खाल्ली. चांगली होती, हे मी कोल्हापुरात कबूल करणार नाही.

कॉलेज

समितीत तीन माणसं. प्राचार्य, संस्थेचे एक सदस्य आणि मी. सदस्यांची हापूसची कलमं होती आणि मोहोर आला होता, त्यामुळे त्यांचं अर्धं लक्ष आभाळाकडे होतं. ढग आला की ते खिडकीकडे बघत. फार सभ्य गृहस्थ. सुजाताला बोलावलं तेव्हा तिला आधी पाणी देण्यात आलं, मग चहा, मग तिचा अपमान करण्यात आला, तोही हळू आवाजात.

"बाई, फॅसिझम तिकडचा," सदस्य म्हणाले. "युरोपातला. शंभर वर्षांपूर्वीचा. आपला धर्म किती जुना. त्याचा ह्याचा संबंध काय? हल्ली ज्याला त्याला हा शब्द चिकटवतात. शिवी झालीय ती. शिवी शिकवायला पगार देतो का आपण?"

त्यांचं अर्धं खरं होतं आणि त्याचाच मला राग आला. हा शब्द खरोखर शिवीसारखा वापरतात. ज्याचं पटत नाही तो फॅसिस्ट. आमच्या सोसायटीत पार्किंगवरून एकाने दुसऱ्याला फॅसिस्ट म्हटलं, दुसऱ्याने त्याला आणखी काही म्हटलं, त्याला कोणी आक्षेप घेतला नाही कारण तो शब्द मराठी होता. पण शब्द वाईट वापरतात म्हणून ती गोष्टच नाही, असं होत नाही. हे मी बोलले. सदस्य म्हणाले, "तुमचं लेखी येऊ दे." आणि खिडकीकडे बघितलं.

मी तक्रार मागितली. एक पान, टाइप केलेलं. "आमच्या पवित्र धर्मास फॅसिस्ट संबोधून", "समस्त समाजाच्या भावना", "तीव्र आंदोलन". खाली सही, शांताराम, गाव पालीच्या आत, मुलगी मयुरी दुसऱ्या वर्षाला. मी म्हटलं, ह्या गृहस्थांना बोलवा ना, काय ऐकलं ते विचारू.

"अर्जदाराची गरज नाही," प्राचार्य म्हणाले. "अर्ज आहे ना."

पालीच्या आत

म्हणून तिसऱ्या दिवशी मीच गेले. हे समितीच्या नियमात होतं की नाही ते मी विचारलं नाही, कारण विचारलं असतं तर नव्हतं.

एसटीने पाली, तिथून रिक्षा, मग कातळावरून चालत. फेब्रुवारीतलं ऊन आणि पायाखाली जांभा दगड, म्हणजे तव्यावरून चालल्यासारखं. एकदा वाट चुकून मी कुणाच्यातरी काजूच्या बागेत शिरले आणि एका कुत्र्याने मला परत वाटेवर आणून सोडलं. शांतारामभाऊंचं घर उतारावर, अंगण सारवलेलं, एका बाजूला भाताच्या पेंढ्याची रचलेली उडवी. माणूस पन्नाशीचा, बारीक. मी कॉलेजातून आले म्हटल्यावर उभाच राहिला. बायकोने पाणी आणलं. मयुरी दारात आली, मला बघून आत गेली.

"वाईच बसा," ते म्हणाले. बसले. आमच्याकडे भांडण असेल तर पाहुण्याच्या तोंडावर करतात. इथे आधी तांदळाचे घावणे येतात.

घावणे खाऊन झाल्यावर मी विचारलं, "भाऊ, तुमच्या धार्मिक भावना कशाने दुखावल्या?"

"कशा?"

"अर्जात लिहिलंय तुम्ही."

"ता मी नाय लिवलेला," ते म्हणाले. "मी सही केली. चष्मा घरी व्हता. कचेरीभायर टाइप करनारा बसतो, त्यान लिवला. मी त्याला बोल्लो, मास्तरनी बाई माज्या पोरीला सगळ्या वर्गात फासकीवरनं बोलली. पोर रडत आली. दोन दिस कॉलेजात गेली नाय."

मला काही कळेना. मग त्यांनी सांगितलं, आणि सांगताना माझ्याकडे बघितलं नाही. दोन वर्षांपूर्वी भाताच्या दिवसांत रानडुकरांनी शेत लोळवलं होतं. त्यांनी फासकी लावली. तिच्यात बिबट्या अडकला, कमरेला.

"पहाटेपासना वरडत व्हता. मी घरात बसून ऐकत व्हतो. जवळ कसा जानार? वनखात्याची माणसा येईपर्यंत गेला तो. केस झाली माज्यावर. गावात नाव पडला, फासकीवाला. पोरीला शाळेत तेच, कॉलेजात तेच. आनि आता मास्तरनी पन वर्गात बोलतात, फासकी लावनारे लोक. सगळी पोरा वळून माज्या पोरीकडं बघून हसली. मंग?"

सुजाता केळशीची. दापोली तालुक्यातली. तिला ह्या गावचा बिबट्या कुठून माहीत असणार? वर्ग का हसला ते तिला कळलं नव्हतं आणि तिने तो हशा उदाहरणाला मिळालेली दाद समजली होती. हे मी त्यांना सांगितलं. तिने उदाहरण दिलं होतं, तुमच्याबद्दल एक शब्द नव्हता. दारामागून मयुरी म्हणाली, "मी सांगितलेलं पप्पांना. मॅम तशा नाहीत."

"मग अर्जात फासकी का नाही?" मी विचारलं. "सगळा धर्मच आहे."

"तो टाइपवाला बोल्ला, फासकी लिवलात तर जुनी केस परत वर येईल. आनि फासकीसाठी कॉलेज काय करनार नाय. धर्म लिवा. धर्म लिवला की लगेच दखल घेतात."

चौतीस वर्षं मी प्रचार ह्या विषयावर शिकवलं. चार व्याख्या सांगायचे, पाचवी परीक्षेला विचारायचे. कचेरीबाहेरच्या त्या टाइप करणाऱ्याने तो एका वाक्यात सांगून टाकला होता, आणि मला त्या माणसाचा मत्सर वाटला.

शांतारामभाऊ थोडे मोकळे झाले होते. म्हणाले, "बाई, पन मी काय चोरून नाय लावलेली. देवाला इचारलेला."

त्यांच्या गावात काही मोठं करायचं तर ग्रामदेवाचा कौल घेतात. गुरव देवाच्या दोन्ही खांद्यांना ओल्या पाकळ्या चिकटवतो, गाऱ्हाणं घालतो आणि सगळे वाट बघत बसतात. उजवी पाकळी आधी पडली तर होय. डावी पडली तर नाही. उजवा कौल, डावा कौल. राज्यशास्त्राच्या माणसाला हे ऐकून काय वाटलं असेल ते सोडून देते.

"म्हणजे देवाने फासकीला उजवा दिला?"

"दिला. म्हनून तर लावली."

"मग केसमध्ये देवालाही आरोपी करायला हवं होतं."

ते हसले नाहीत. मला लाज वाटली. मग ते म्हणाले, "दुसऱ्या वर्षी परत इचारला. डुकरा तेवढीच व्हती. देवान डावा दिला. मंग नाय लावली. भात गेला तो गेला."

मग त्यांनी मला विचारलं, "त्या तुमच्या फॅशिष्ट लोकांचा कसा असता? टाइपवाला बोल्ला ते पन धर्माच्या नावान करतात."

"काही करतात. काही नाही करत."

"जे करतात, ते कौल घेतात?"

"नाही हो."

"पन समजा घेतला. तर त्यांचा देव कधी डावा देतो?"

मी विचार केला. वाचलेलं सगळं आठवलं, युरोपातलं, आपल्याकडचं, शेजारच्या देशांतलं. म्हटलं, "नाही. त्यांचा देव नेहमी उजवाच देतो."

"मंग तो देव नाय, बाई," शांतारामभाऊ म्हणाले. "त्यांचाच आवाज हाय तो."

मी पिशवीतून वही काढून ते लिहून घेतलं. त्यांना वाटलं मी जबाब घेतेय, ते जरा घाबरले. मी सांगितलं की नाही, मी शिकतेय. हे मी अगदी मनापासून म्हटलं. धार्मिक माणूस आणि देवाच्या नावाने उठलेला हुकूमशहा ह्यांच्यातला फरक मला कोणी इतका सोपा करून सांगितला नव्हता. एकाचा देव त्याला नाही म्हणू शकतो. दुसऱ्याचा कधीच म्हणत नाही. आणि जिथे म्हणत नाही तिथे संबंध जोडायची गरजच उरत नाही, तो जोडलेलाच असतो.

निघताना ते म्हणाले, "मी अर्ज मागं घेतो. सोमवारी जातो. त्या बाईंना सांगा, माजा काय नाय त्यांच्यावर." मयुरीने मला वाटेपर्यंत सोडलं. म्हणाली, "मॅमना काही होणार नाही ना?" मी म्हटलं, "नाही." एवढ्या ठामपणे मी बऱ्याच दिवसांत काही बोलले नव्हते.

एक पान

चौथ्या दिवशी सकाळी मी लॉजच्या गच्चीत बसून पान लिहिलं. खरं तर दोन लिहिली.

पहिलं दहा मिनिटांत झालं. त्यात सरळ लिहिलं होतं की सुजाताने वर्गात जे शिकवलं ते बरोबर होतं, धर्म आणि फॅसिझम वेगळे हेही तिने शिकवलं आणि ते कुठे एक होतात हेही. मग देव नाही म्हणतो की नाही म्हणत, ती कसोटी लिहिली. शेवटचं वाक्य: तिच्यावर कारवाईचं कारण नाही.

मग मी ते वाचलं. मला वाटलं, तज्ज्ञाच्या मतात गुरव? पाकळ्या? विद्यापीठातले माझे जुने सहकारी हे वाचतील तर काय म्हणतील? आणि ती माझी विद्यार्थिनी. उघड बाजू घेतली तर म्हणतील, गुरूने शिष्येला सांभाळून घेतलं. मुख्य म्हणजे, मला जो प्रश्न विचारला होता तो सुजाताबद्दल नव्हताच. तो संबंधाबद्दल होता. अचूक की प्रचार. विचारलं तेवढंच लिहावं, हे मी पोरांना प्रत्येक परीक्षेआधी सांगायचे.

दुसरं पान लिहायला अडीच तास लागले. "धार्मिक कट्टरता आणि फॅसिझम यांचा सरसकट संबंध जोडणे अचूक नाही; तथापि," असं ते सुरू झालं आणि पुढे पान संपेपर्यंत तथापि होतं. प्रत्येक शब्द मापून. सुजाताचं नाव कुठेही नाही. खाली सही. कॉलेजात नेऊन दिलं. प्राचार्यांनी माझ्यासमोर वाचलं आणि म्हणाले, "वा. अगदी समतोल." मला आनंद झाला. खोटं कशाला सांगू, फार आनंद झाला. दुपारच्या गाडीने मी निघाले. सुजाता स्टँडवर सोडायला आली होती, तिने कोकम आणि फणसपोळी बांधून दिली. मी तिला सांगितलं की तक्रार मागे घेतली जाणार आहे, काळजी करू नकोस. ती रडली. मलाही गहिवरून आलं, पण एसटी लागली होती.

जून

शांतारामभाऊंनी शब्द पाळला. सोमवारी शेतातलं काम सोडून ते कॉलेजात गेले, तक्रार मागे घेतल्याचा कागद दिला, सुजाताला स्टाफरूममध्ये भेटले आणि पिशवीभर काजू ठेवून गेले. हे सगळं तिने मला कळवलं होतं. मग मार्च गेला, एप्रिलमध्ये मी आंब्याची वाट बघितली, मे गेला.

जूनमध्ये तिने एक फोटो पाठवला. कॉलेजचं पत्र होतं, दोन ओळींचं. "बाह्य तज्ज्ञांच्या मते धार्मिक कट्टरता व फॅसिझम यांचा संबंध जोडणे अचूक नाही. सदर अहवाल विचारात घेऊन चालू शैक्षणिक वर्षात आपणास तासिका देता येत नाहीत." माझं वाक्य होतं. सरसकट हा शब्द गळला होता आणि तथापिच्या आधी पूर्णविराम दिला होता.

मी फोन केला. ती शांत होती. प्राचार्यांना भेटून आली होती. ते म्हणाले होते, तक्रार मागे घेतली ती चांगलीच गोष्ट, पण अहवाल फाइलला लागलेला आहे, त्याचं काय करणार? काढून टाकलेलं नाही, फक्त तास दिलेले नाहीत.

"म्हणजे तक्रार गेली, मॅडम," ती म्हणाली. "तुमचं मत राहिलं."

मी म्हटलं की त्यांनी वाक्य तोडलं आहे, मी उद्याच पत्र लिहिते, संपूर्ण परिच्छेद वाचा म्हणून सांगते. ती म्हणाली, लिहा. तिच्या आवाजात राग नव्हता. असता तर मला सोपं गेलं असतं.

"एक विचारू, मॅडम?"

तास संपल्यावर ती अशीच विचारायची. मी म्हटलं, विचार.

"मी वर्गात काही चुकीचं शिकवलं होतं का?"

"नाही. एक शब्दही नाही."

"मग एवढंच का नाही लिहिलंत?"

समितीने मला तो प्रश्न विचारलाच नव्हता, हे उत्तर माझ्याकडे तयार होतं. अगदी अचूक होतं. मी ते दिलं नाही.